लांब पाठीची गाडी

आमच्या घरात माणसं पाच: आम्ही नवरा-बायको, दोन मुली आणि गुडघे आखडलेली आई. सगळ्यांना एकदम जाता यावं म्हणून मी एक जुनी, लांब पाठीची स्टेशन वॅगन घेतली. पण धामापूरजवळच्या आमच्या वाडीत अशी गाडी आपली राहत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मागची सीट पाडली की आत काजूची सहा पोती मावतात, हा शोध शेजाऱ्याने पहिल्याच आठवड्यात लावला. मग कुणाचे फणस, कुणाच्या लग्नाची भांडी, एकदा तर करडासकट शेळी. "मास्तरानू, गाडी मोकळी आसा मा?" असं विचारायची फक्त पद्धत होती, उत्तरासाठी कुणी थांबत नसे. वाडीत माझी परोपकारी म्हणून ख्याती झाली आणि बायको-मुली एसटीने फिरू लागल्या.

एके सकाळी पलीकडच्या वाडीतले निवृत्त ख्रिश्चन गुरुजी दारात आले. त्यांची थोरली बहीण पहाटे वारली होती.

"ती उंच होती," ते म्हणाले. "हयल्या पेट्ये आखूड पडतत. पेडण्याक लांब पेटी गावली हा. तुमच्याच गाडयेत मावात."

आम्ही दोघं गेलो. पेटी आत अशी बसली, जणू तिच्याच मापाने गाडी बांधली होती. परतताना गोव्याच्या हद्दीवर पोलिसाने अडवलं. मागे एवढी मोठी पेटी म्हटल्यावर त्याला दारूच आठवली असणार.

"आत काय आहे?"

"काही नाही," गुरुजी शुद्ध मराठीत म्हणाले. "जिच्यासाठी आहे, ती घरी वाट पाहते आहे."

त्याने झाकण उघडून पाहिलं. आत पांढरी झालर आणि छोटी उशी होती. त्याने झाकण हळूच लावलं आणि टोपी काढली.

त्यानंतर गाडी मागायला कुणी आलं नाही. शेजाऱ्याने पोत्यांसाठी भाड्याचा टेम्पो बोलावला.

"चला, आता खरी आपली झाली गाडी!" बायको म्हणाली. आम्ही पाचही जण बांद्याच्या बाजाराला गेलो, आरोंद्याला पाहुण्यांकडे गेलो. मजा आली. पण संध्याकाळी अंगणात कुणी येईना, तेव्हा मला चुकल्यासारखं वाटायचं; बायकोही दोनदा दाराशी येऊन बघून जायची. एवढी वर्षं लोक माझ्याशी बोलायला येत होते, असा माझा समज होता.

महिन्याने गुरुजी आले. "माका चर्चाकडे सोडशात?"

ते पुढे बसले तेव्हा मी वाडीचं वागणं सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे, माझी भयण ह्या गाडयेत बसूकच नाय! पेटी रिकामी आणली आपण."

हेच त्यांनी तिठ्यावरच्या दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. दुसऱ्याच दिवशी शेजारी अंगणात उभा. "मास्तरानू, चार पोती आसत..."

नाही म्हणायचं मी ठरवलंच होतं. तेवढ्यात बायको किल्ली घेऊन बाहेर आली. "चार कशाक?" ती शेजाऱ्याला म्हणाली, "सहा मावतत मा?"