ड्रोनला लावलेलं कुंकू

शेतीयंत्रांच्या कंपन्यांविरुद्ध सह्या गोळा करायची पत्रकं घेऊन मी पांढुर्ण्याला पॅसेंजरमध्ये चढलो. समोर एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर फवारणीच्या ड्रोनची एक दांडी होती आणि दांडीच्या टोकाला मोटर. केसातली पिन काढून ती मोटरीच्या फटीतली लाल पूड उकरत होती.

"काय झालं ताई याले?"

"स्पीड कंट्रोलर जळला. मोटरीचा वेग तोच सांभाळते. दसऱ्याले सहाही मोटरींले हळद-कुंकू लावलं होतं मी. नागपूरचे कंपनीवाले म्हणते, कुंकू आत गेलं, वॉरंटी संपली."

माझं डोकं फिरलं. दसऱ्याला आपण अवजारं पुजतो, हे यांना ठाऊक नाही? संत्र्याच्या बागेत, उन्हात, औषधाच्या तुषारांत उडणारं यंत्र चिमूटभर कुंकवानं जळत असेल, तर ते इथं विकलंच कशाला?

मी पत्रक पुढं केलं. "सही करा. चूक त्यांची आहे."

"नाही भाऊ. माह्याच हातानं जळला." पिन थांबली नाही. "पाठीवरच्या पंपाले भी दरसाल कुंकू लावत होती मी. तो कधी रुसला नाही. आता सासू म्हणते, घे तोच पाठीवर."

कंपनीशी मी भांडेन. पण हिच्या मनात त्यांनी घातलेला हा दोष कोणतं पत्रक काढणार?

तिगाव आलं. उकरलेलं कुंकू तिनं माझ्या पत्रकात गोळा केलं आणि पुडी बांधली.

"फेकवत नाही ना," म्हणाली, आणि उतरली.