गॅसवरचं उतरेपर्यंत

विसरलात ना? मला माहीतच होतं. जिवंत माणसाचा वाढदिवस फोन सांगतो, गेलेल्याची तारीख आपली आपणच ठेवावी लागते.

आज माझ्या सुरेशला जाऊन वर्ष झालं.

मी बोलतेय, नात ईशा आपल्या ग्रुपवर टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.

सुरेश कोर्टात बेलिफ होता. समन्स पोचवायचं, जप्ती करायची, लोकांची घरं रिकामी करून कुलूप घालायचं. अख्खं इंदूर पालथं घातलं त्याने, पण "या, बसा" असं कुणी म्हटलं नाही.

गेला तोही दारातच. विजय नगरला एका फ्लॅटवर समन्स घेऊन गेला होता. आतून आवाज आला, "पापा घर पर नहीं हैं."

त्याने परत बेल वाजवली. पाणी मागितलं.

दार उघडलं नाही.

नंतर ती माणसं रडत आली. "आंटीजी, हमको लगा दरवाजा खुलवाने का बहाना है."

बेलिफाला कोण दार उघडतं?

पण पोरगा खचला होता तो त्याच्या आदल्या थंडीत.

त्याचा एक नियम होता. कुणाचंही घर रिकामं करायला गेला की आधी स्वयंपाकघरात डोकवायचा. गॅसवर काही असलं तर ते शिजू द्यायचा, घरच्यांना जेवू द्यायचा, मगच सामानाला हात लावायचा. साहेब ओरडायचे, वकील ओरडायचे. हा ढिम्म. "उपाशी माणसाला रस्त्यावर नाही काढणार," म्हणायचा.

मी भजनात हे कौतुकाने सांगत असे. तिथेच कमलने ऐकलं.

कमल माझी मैत्रीण. बडा गणपतीजवळ एका खोलीत एकटी राहायची. लग्न होऊन आली ती त्याच खोलीत. घरमालक केस जिंकला. कमलचा वकील हायकोर्टातून स्टे आणायला धावत होता, आणि इकडे खोली रिकामी करायचं काम आलं नेमकं सुरेशकडे.

"दुसऱ्या कुणाला पाठव," मी म्हटलं.

"आई, दुसरा गेला तर पातेल्यासकट बाहेर काढेल."

त्या सकाळी मी कमलकडे जाऊन बसले. बघते तर बाईने काळे हरभरे चढवलेले. न भिजवता. कुकर सोडून उघड्या पातेल्यात, जेमतेम दिसेल एवढ्या आचेवर.

"अगं, हे जन्मात शिजायचे नाहीत!"

"नकोच शिजू देत. दिवस मावळला की घराचा ताबा घेता येत नाही, तुझाच मुलगा सांगतो ना?"

सुरेश आला. मागे घरमालकाचा मुलगा, हम्माल, नवं कुलूप.

मला बघून थबकला. "आई, तू इथे काय करतेस?"

"कांदा चिरतेय. रडायला निमित्त बरं."

त्याने पातेल्यात पाहिलं. मग कमलकडे. समजला सगळं. जाऊन उंबऱ्यावर बसला.

घरमालकाचा मुलगा चिडला. "अरे भिया, चने ही तो हैं, उतरवाओ ना!"

"कच्चे हैं भिया. बैठो."

दुपार झाली. हम्माल झोपले. कमलचा फोन वाजला की आम्ही तिघंही दचकायचो.

स्टे नाही.

ऊन कलायला लागलं आणि गॅस फुरफुरला. विझला.

टंकी संपली.

मी उठले, म्हटलं शेजारी मागून आणते. गल्लीतली सगळी दारं बंद. बेलिफ आलाय म्हटल्यावर कोण उघडणार?

कमलने वाटीत थोडे हरभरे काढले आणि सुरेशपुढे धरले.

"तूच सांग रे, शिजले का?"

अशा घरात तो पाणीसुद्धा प्यायचा नाही. त्या दिवशी एक दाणा तोंडात टाकला.

कडकन वाजला. सगळ्यांनी ऐकलं.

"शिजले, मावशी," तो म्हणाला.

पातेलं त्याने स्वतः बाहेर नेलं. मग तिचे देव. बाकीचं हम्मालांनी.

स्टे दुसऱ्या दिवशी आला. कुलूप लागल्यावर त्याचं काय लोणचं घालायचं?

कमलला भाचा बेटम्याला घेऊन गेला. पुढची थंडी तिने पाहिली नाही.

सुरेश कामावर जात राहिला. फक्त कुणाच्या स्वयंपाकघरात डोकवायचं सोडलं त्याने. मी विचारलं, तर म्हणाला, "आई, परत मला कुणी विचारायला नको, शिजलं का म्हणून."

जा सुरेश बाळा. आता उभं राहू नकोस कुठे. बस जरा.

आणि तुम्ही, आता आठवलंच आहे तर मिठाईचे डबे घेऊन येऊ नका. साधा वरणभात पाठवा, तूप वेगळं. हरभरे नकोत. आमच्या घरात अजून कुणी खात नाही.