सिद्धार्थने राखलेल्या कडा

सिद्धार्थ गेल्याचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते, आणि मला आधी रडू नाही, राग आला. आठवडाभर छातीत दुखतंय आणि हा माणूस डॉक्टरकडे जात नाही. का, तर कंपनीत ऑन-कॉल आहे, सॉफ्टवेअरची रिलीज झाली की जातो! मी चांगलं झापलं होतं त्याला. "हो गं माय, जातो," म्हणाला. आणि गेला... आता महिना उलटला. इथे अमेरिकेत, रेडमंडचा पाऊस थांबत नाही आणि माझा रागही. उलट तो वाढावा असंच काहीतरी मध्ये घडलं, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही नागपूरच्या एकाच कॉलेजातले, इथे आलोही वर्षभराच्या अंतराने. इथल्या आपल्या लोकांचे जुने फोटो स्कॅन करून द्यायचं खूळ त्याच्या डोक्यात कधी शिरलं ठाऊक नाही, पण रविवारी त्याच्या घरी प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. फोटो काचेवर ठेवला की भोवतीची रिकामी जागाही स्कॅन होते. ती हाताने कापत बसलं तर जन्म जाईल, म्हणून तो काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायचा आणि फोल्डरभर फोटोंच्या कडा आपोआप कापल्या जायच्या. पण त्या कमांडला कड म्हणजे काय ते कुठे कळतंय? ती कोपऱ्यातला रंग बघते आणि बाहेरून त्या रंगाचं जे जे सलग दिसेल ते उडवते. रंगात थोडं उन्नीस-बीस चालवून घे, असंही तिला एक आकडा देऊन सांगता येतं. आता आमच्याकडचे फोटो कसले? बुद्धजयंती, लग्नं, विहाराचं उद्घाटन... सगळे पांढऱ्या कपड्यांत, मागे चुना मारलेली भिंत, आणि स्कॅनरचं झाकणही पांढरंच. पहिल्याच खेपेला एका काकूंच्या लग्नाच्या फोटोत कडेला उभी असलेली त्यांची मावशी अर्धी गायब झाली. सिद्धार्थचा चेहरा पडला. त्याने तो सगळा गठ्ठा पुन्हा स्कॅन केला, झाकणाला आतून काळा कार्डपेपर लावून, म्हणजे काळं तेवढंच कापलं जाईल. फोटोची स्वतःची पांढरी चौकट मात्र तशीच ठेवली. ती पण उडव की, स्क्रीनभर छान दिसेल, असं मी म्हटलं तर माझ्याकडे वळून न बघता म्हणाला, "कडेला उभी असतात ती आपलीच माणसं असतात. राहू दे."

त्याच्या आईचा एकच फोटो होता. तो शाळेत असताना ती गेली. फोटोत बाबा, शेजारी सात-आठ वर्षांचा हा, आणि अगदी कडेला पांढऱ्या साडीतली आई, डोक्यावरून पदर. फिल्मवर प्रकाश पडल्यामुळे ती बाजू पांढरीफटक झालेली. डोळे बारीक केले तरच तिचं नाक, हनुवटी दिसायची. स्पष्ट होता फक्त त्याच्या खांद्यावरचा तिचा हात, हिरव्या बांगड्यांचा. सिद्धार्थने तो स्कॅन केल्यावर मूळ फोटो नागपुरात त्याच्या भावाने घर रंगवताना टाकून दिला, म्हणे आता कॉम्प्युटरवर आहे ना! मी असते तर भावाला सोडलं नसतं. हा गप्प बसला. आणि दुसऱ्यांच्या फोटोंच्या कॉप्या करकरून घरोघरी पाठवणाऱ्या या शहाण्याने स्वतःच्या आईला एकाच डिस्कवर ठेवलं. कॉपी करू निवांत, म्हणायचा...

सिद्धार्थच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्याच्या आठवणीत स्लाइड शो दाखवायचं ठरलं. त्याच्या बायकोने, प्रज्ञाने, ती डिस्क केतनला दिली. केतन त्याच्याच टीममधला, चांगला मुलगा आहे, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. या चांगल्या मुलाने पांढऱ्या चौकटी नकोत म्हणून तीच कमांड चालवली, आकडा भरमसाठ दिला, आणि कापलेले फोटो मूळ फोटोंवरच सेव्ह केले. हॉलमध्ये पडद्यावर तो फोटो आला. बाबा आहेत, छोटा सिद्धार्थ आहे, आणि त्याच्या खांद्यावर कुठूनसा आलेला एक बांगड्यांचा हात. मी उठून उभी राहिले आणि विचारलं, आई कुठंय? लोक म्हणाले, ताई, प्रसंग काय, बसा खाली. नाही बसले मी. का बसू? नंतर आम्ही डिस्क, मेल, त्याचा फोन, सगळं उपसलं. नाही मिळाली.

मागच्या रविवारी प्रज्ञाकडे गेले तर केतन तिथे आधीच बसलेला. सॉरी म्हणून झालं होतं. आता त्याने एआयला हात दाखवून बाकीची बाई बनवून आणली होती. फोनवर दाखवली... गोरी, हसरी, इस्त्रीच्या साडीतली. प्रज्ञा थकलेल्या आवाजात म्हणाली, हीच लावते, यशूला आजी म्हणून काहीतरी तर दिसेल. माझं डोकंच फिरलं. एकदा कापली ती कापली, वर तिच्या जागी ही कोण परकी बाई आणून उभी करताय? लेकीने जन्मभर हिला आजी म्हणायचं?

यशू नऊ वर्षांची. आमची भांडणं ऐकत दारात उभी होती. पुढे आली, फोनकडे तिने बघितलंही नाही. प्रिंट काढून ठेवलेल्या कापलेल्या फोटोतल्या हातावर बोट ठेवून तिने इंग्रजीत विचारलं, हा कुणाचा? मी म्हटलं, तुझ्या आजीचा. मग बाकीची आजी कुठे गेली, म्हणाली.

"याला विचार," मी म्हटलं.

केतनने मान खाली घातली. म्हणाला, "मला तिथे कुणी दिसलंच नाही गं."

प्रज्ञाने उठून ती कापलेली प्रिंट सिद्धार्थच्या टेबलावर, स्कॅनरशेजारी उभी केली. आता शाळेतून आली की यशू आधी त्या खोलीत जाते, हातावरच्या बांगड्यांवरून बोट फिरवते आणि मग दप्तर टाकते. चेहऱ्याबद्दल तिने पुन्हा विचारलेलं नाही, आणि माझा राग गेलेला नाही.