उरलेलं आम्ल

पाचवीतच शाळा सुटली, तरी बेळगावच्या कॉलेजात, रसायनाच्या खोलीत मला नोकरी मिळाली ती तिथं शिकवणाऱ्या सरांमुळं. माझं काम बाटल्या धुवायचं, पण त्यांनी मला मोजमापही शिकवलं. ते आठवलं की अजून हात जोडले जातात. आणि एखादी चूक होऊन ही नोकरी जाईल, ही धास्तीही तेव्हापासूनचीच.

लढाईची वर्षं होती, पेट्रोल मिळत नव्हतं. निपाणीकडच्या माझ्या गावाला कोळशावर चालणारी मोटार, पुढं पायी वाट. आक्काचं कार्ड आलं, आईचा खोकला लई वाढलाय, येऊन जा. सर परीक्षेच्या कामाला पुण्याला निघाले होते. जाण्याआधी त्यांनी काचेच्या बारा बंद नळ्या कोमट पाण्यात ठेवल्या. प्रत्येकीत सारखंच आम्ल आणि अल्कोहोल.

"रोज एक फोड, आम्ल किती उरलंय ते मोज. आकडा स्थिरावला की कुलूप लाव आणि आईकडं जा."

पहिला आकडा तीस. मग वीस, पंधरा, बारा, अकरा. नळी फोडली की पिकल्या फळासारखा वास यायचा, रोज थोडा जास्त. मग दहा. पुन्हा दहा. पुन्हा दहाच.

एवढं आम्ल शिल्लक असताना उतार थांबेल कसा? माझाच हात चुकतोय. मापाची नळी घासून धुतली. पुन्हा दहा.

शेजारच्या खोलीतले म्हातारे शिपाई दारात येऊन म्हणाले, "अरं, त्योच आकडा आलाय न्हवं? मग जा की गावाला."

"न्हाय अण्णा, आम्ल संपलं न्हाय अजून."

"तुजी अक्कल संपलीया! आई वाट बघत आसंल तिकडं."

गेलो नाही. शेवटची नळी फोडली त्याच दिवशी सर परतले. त्यांनी वही पाहिली.

"सगळं बरोबर आहे. यात आम्ल संपत नसतं. सुरुवातीला ते पुष्कळ, म्हणून अल्कोहोलशी मिळून फळाच्या वासाचा नवा पदार्थ भराभर होतो. तो साठत गेला की उलटा मोडून पुन्हा आम्ल व्हायला लागतो. जेवढं जातं तेवढंच परत आलं, की आकडा हलत नाही. आत दोन्ही कामं चालूच असतात." मग एकदम थांबले. "पण तू अजून इथं कसा?"

गावात पोचलो तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते. आक्का रागावली नाही. एवढंच म्हणाली, "रोज इचारायची, त्यो आला का गं? आन् मग आपणच म्हणायची, उद्या येईल."

ती वही सरांनी मलाच दिली. शेवटच्या सात ओळींत दहाच आहे. तिसरा दहा लिहून निघालो असतो, तर आई भेटली असती.