टेबलाभोवतीची लाल रेष

शाळेच्या ऑफिसात माझ्या टेबलाभोवती फरशीवर एक लाल रेष होती. गेरूची नाही, ऑइलपेंटची. ती मीच मारली होती. इतकी वर्षं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "कॉम्प्युटरसाठी आहे." ते अर्धंच खरं होतं.

मी केशोरीच्या बाजूच्या एका खासगी शाळेत बाबू आहे. १९९९ साली लागलो तेव्हा टाइपरायटर होता. पुढे मोठा, पिवळट कॉम्प्युटर आला. त्याचा डबा टेबलाखाली फरशीवर ठेवलेला असायचा. पाऊस लागला की ओल चढायची, दिवाळीच्या सुमारास मळणी सुरू झाली की धानाचा भुसा उडून आत जायचा, आणि एकदा तर उंदरानं आतल्या वायरी कुरतडल्या. म्हणून नवीन मशीन यायचं ठरलं तेव्हा हेडमास्तरांनी छोटंच मागवलं. जाड पुस्तकाएवढा डबा, मॉनिटरच्या पाठीला टांगायचा. फरशीशी संबंधच नको.

बसवून द्यायला माणूस गोंदियाहून येणार होता, पण तो आठ दिवसांनी येतो म्हणाला. मी म्हटलं, कशाला पाहिजे माणूस, मी बसवतो. वायरी जोडल्या, डबा अडकवायची प्लेट मॉनिटरला लावली, आणि मग लक्षात आलं की डब्याला लावायच्या स्क्रूंची पुडी खोक्यातच राहिली. खोकं तर पोरांनी हस्तकलेला नेऊन कापलंही होतं. शनिवारी मी गोंदियाला गेलो, हार्डवेअरच्या दुकानातून चार स्क्रू आणले. दुकानदार म्हणाला, "थोड़ा लंबा है बाबूजी, पर पकड़ मस्त रहेगी." मलाही पकडच हवी होती. दाबून बसवले.

मशीन सुरू झालं तेव्हा हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांना ऑफिसात बोलावून दाखवलं. "आपला बाबू इंजिनियर आहे, इंजिनियर!" त्या एका शब्दानं मी किती फुगलो होतो, ते आज लिहिताना लाज वाटते.

आता मावशींबद्दल. शाळेची झाडलोट आणि पोछा त्या करायच्या. सगळी शाळा त्यांना मावशीच म्हणायची, मीही, जरी त्या माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. गावाच्या कडेच्या छोट्या वस्तीत, टोल्यावर, बौद्ध घरं आहेत, तिथल्या. सातवी शिकलेल्या. कोणतं रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असायचं. ऑफिसचा जुना शिपाई त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी संस्थेकडे मावशींचं नाव पाठवायचं, असं हेडमास्तर स्वतः दोनदा बोलले होते. मावशी त्यावर उघड काही बोलायच्या नाहीत. पण त्या दिवसांत त्या शाळेची घंटा हात फिरवून फिरवून पुसायच्या, ते मी पाहिलं आहे.

मशीन बसवल्यावर चार-पाच दिवसांनी, मी सकाळी बटण दाबलं तेव्हा त्या पोछा पिळत होत्या. म्हणाल्या, "बाबूजी, हे खरखर करून राह्यलं जी."

"नवीन आहे, मावशी. तुम्ही आपलं काम करा."

त्यांनी आपलं काम केलं.

पुढच्या आठवड्यात मशीन बंद पडायला लागलं. अर्धा तास चालायचं, गरम व्हायचं, पडदा काळा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते, शेवटची तारीख जवळ आलेली. हेडमास्तर येऊन माझ्या डोक्यावर उभे राहिले. "काय बाबू, तुमचं इंजिनियरिंग कुठं गेलं?" दारात दोन शिक्षक उभे होते. माझी नजर खाली भिंतीतल्या प्लगच्या बोर्डावर गेली. बोर्ड फरशीपासून वीतभर उंच. मी म्हणालो, "सकाळी मावशी पोछा मारतात. बोर्डात पाणी गेलं असेल."

मला तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसताना बोललो, हेही खरं.

मावशींना बोलावलं गेलं. हेडमास्तर तापट होते, शेवटच्या तारखेनं आणखी तापलेले. "किती वेळा सांगितलं, विजेच्या वस्तूपाशी पाणी न्यायचं नाही?"

"मी नाही जी नेलं. मी तर पिळून पुसतो."

"मग कोण आलं होतं इथं, भूत? आजपासून त्या टेबलाला हात लावायचा नाही. जवळही जायचं नाही. बाबू, तिथं रेष मारून टाका, म्हणजे कळेल."

मावशी म्हणाल्या, "मी काऊन हात लावीन त्याले?" आणि माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहत होतो.

खेळाच्या मैदानाचे खांब रंगवून उरलेला लाल पेंट होता. मी वाकून, मोजून, टेबलाच्या तिन्ही बाजूंनी रेष मारली. रेष मारताना माझ्या मनात जात नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण माझ्या मनात काय होतं यानं काय फरक पडतो? टोल्यावरच्या बाईला हात लावू नको म्हणायचं आणि तिच्यापुढे जमिनीवर रेष ओढायची. हे तिच्या आजीनं पाहिलं असेल, आईनं ऐकलं असेल. ब्रश माझ्या हातात होता.

रेषेनंतरही मशीन दोनदा बंद पडलं. मग एका रविवारी मी एकटाच शाळेत गेलो, डबा काढला, उघडला. चारपैकी एका स्क्रूचं टोक आत आलेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढंच, पण बरोबर पंख्याच्या पात्याजवळ. टोकाला घासून चमक आली होती आणि खाली काळ्या प्लास्टिकचा बारीक चुरा पडला होता. पातं टोकाला घासायचं, मग अडकायचं, पंखा थांबायचा, डबा तापायचा. पाण्याचा काही संबंध नव्हता. मावशी ज्याला खरखर म्हणाल्या होत्या, तो आवाज हाच.

मी आखूड स्क्रू आणून लावले. लांब स्क्रू खिशात घालून घरी नेले आणि विहिरीत टाकले. चार स्क्रू विहिरीत टाकायला मी चोरासारखा इकडेतिकडे पाहत होतो.

सोमवारी सांगायचं ठरवलं होतं. पण दुपारपर्यंत मशीन एकदाही बंद पडलं नाही आणि हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहिलं? रेष मारली आणि दुरुस्त झालं." कुणीतरी हसलं. मी तोंड उघडलं नाही. उन्हाळ्यात संस्थेकडे नाव गेलं ते दुसऱ्याचं, खालच्या आळीतल्या एका तरुणाचं. हेडमास्तर म्हणाले, "बाईंना ऑफिसात घेतलं तर मशिनी वाचणार नाहीत." तेव्हाही मी तिथंच बसलो होतो.

त्यानंतर मी त्या मशीनची जेवढी काळजी घेतली तेवढी घरातल्या कशाची घेतली नसेल. वर्षातून दोनदा उघडायचो. मऊ ब्रशनं पंखा झाडायचो, सायकलच्या पंपानं भुसा उडवायचो, जाळीमागची धूळ काडीला कापूस गुंडाळून काढायचो. रेषेच्या आतली फरशी मीच पुसायचो. मावशी रेषेपर्यंत पोछा आणायच्या आणि बरोबर तिथं वळवायच्या. इतक्या वर्षांत एकदाही त्यांचा पोछा रेषेवर चढला नाही.

हेडमास्तर निवृत्त झाले, त्यांच्या जागी मॅडम आल्या. मग एका नोव्हेंबरात, मळणीचे दिवस, मी सकाळी बटण दाबलं. मावशी रेषेपलीकडे उभ्या होत्या. थांबल्या, मान तिरकी करून ऐकलं.

"बाबूजी, पंखा घासून राह्यला. तवाबी असाच घासे."

यावेळी नुसता भुसा होता, पात्यात अडकलेला. पण माझे हात थांबले. म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं, आवाजासकट. मी बसल्या जागीच सांगितलं. स्क्रू, रविवार, विहीर, सगळं.

मावशींनी पोछा पिळला. पुन्हा पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"मले कायले सांगता? मले तर माहीतच होतं का मी पाणी नाही सांडवलं. ज्याईच्या पुढं मले बोलले, त्याईले सांगा."

"हेडमास्तर तर गेले, मावशी."

"बाकीचे आहेत ना जी."

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये उभा राहिलो आणि सांगितलं. चित्रकलेचे मास्तर हसले, "म्हणजे आमचा इंजिनियर नापास!" एक जण म्हणाले, "जाऊ द्या बाबू, जुनी गोष्ट, एका स्क्रूची." तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आत आला, तोच, मावशींना मिळायच्या जागेवर लागलेला. गणिताच्या बाई त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "पण बाबू, एका स्क्रूची कुठं आहे ही?" त्यानंतर कुणी हसलं नाही. त्या बिचाऱ्याला काय झालं ते कळलं नाही. तो ट्रे धरून उभा राहिला.

मॅडमनी मला नंतर बोलावलं. रागावल्या नाहीत. मावशींचं नाव पुढच्या वेळी पाठवू म्हणाल्या. मावशींचं वय तोवर उलटून जाईल, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मग म्हणाल्या, "आणि ती रेष काढा."

टर्पेंटाइन आणि ब्लेड घेऊन मी संध्याकाळपर्यंत बसलो. पेंट निघाला, पण फरशीच्या खड्ड्याखड्ड्यांत तांबूस राहिलाच.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच आलो. मावशी दारापासून पुसत आल्या. रेष होती तिथं येऊन त्यांचा पोछा सवयीनं वळला, मग थांबला. त्या माझ्याकडे न बघता टेबलाखाली वाकल्या.

"वायर उचला, बाबूजी."

मी वायरी उचलून धरल्या. त्यांनी टेबलाखालचा कोपरा पुसला, बोर्डाखालची भिंतीची कड पुसली, पाणी बदलून आणलं आणि पुन्हा पुसलं. फरशी वाळेपर्यंत मी वायरी धरून तसाच उभा राहिलो. त्या पुढच्या वर्गात निघून गेल्या होत्या.