भट्टी कुठं बांधायची

मांजरसुंब्याच्या चौकात आदिनाथचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाण्याची मोटार त्याच्याकडं टाकावी आणि निर्धास्त घरी जावं. माणूस कामाचा, पण बोलायला महाग. अलीकडं तर हसायचंही त्यानं सोडून दिलंय.

वडील गेल्यावर वाटणी झाली. ती आधी मागितली कुणी, यावर आदिनाथ आणि धाकट्या शिवशंकरचं आजही एकमत नाही. नेकनूरची जमीन मोजली गेली, घराच्या मधोमध भिंत उठली, पितळेची भांडीसुद्धा वाटली. विहीर तेवढी सामाईक राहिली; पाळीपाळीनं पाणी घ्यायचं. शिवशंकर परळीच्या वीजकेंद्रात बॉयलरवर कंत्राटी कामाला. भिंत पुरी झाली तसा आपल्या अर्ध्या घराला कुलूप घालून तो निघून गेला. तेव्हापासून अबोला. आदिनाथला दुःख झालं का? झालं असेल, त्याला काही कळलं नाही. ताट वाढलं की जेवायचा, अंथरूण घातलं की झोपायचा.

एक गोष्ट मात्र वाटायची राहून गेली होती. कॉम्प्युटरवरचा खेळ! जमिनीखाली बुटक्या माणसांची वस्ती वसवायची आणि ती जगवायची. वस्ती एकच, दोघांची. खेळातलं एक वर्ष एकानं चालवायचं, मग फाईल दुसऱ्याला पाठवायची, विहिरीच्या पाळीसारखं. अबोल्यातही फाईल येत-जात राहिली. सोबत शब्द नसायचा. पण ती आली की भाऊ बरा आहे एवढं आदिनाथला कळायचं आणि तेवढ्यावर त्याचं भागायचं.

यंदा त्याच्या पाळीत खणता खणता तळाशी लाव्हा लागला. लाव्ह्यावर भट्टी बांधली की कोळसा लागत नाही, लोखंड फुकटात वितळतं. अडचण जागेची. वस्ती वर, लाव्हा पार खाली. भट्टी खाली बांधली तर बुटक्यांचा जन्म जिने चढण्यात जाणार. लाव्हा पंपानं वर आणला तर काम घराशेजारी, पण एक दार उघडं राहिलं की सगळे भाजून निघणार. कधी लाव्हा लागलाच तर भट्टी कुठं, यावर दोघं भाऊ पूर्वी चहा निवेपर्यंत भांडायचे. पाणी वर चढवणं हा आदिनाथचा धंदा, त्यामुळं तो "वरच आणू" म्हणायचा.

"दादा, तू आग बगितली न्हाईस," शिवशंकर म्हणायचा. "मी रोज बगतो. खालीच बरी."

आता विचारायचं कुणाला? फोन करता आला असता. आदिनाथनं केला नाही. दुकानात बसून त्यानं दोन भट्ट्या बांधल्या, एक वर, एक खाली. कोठारं दोन केली. लोखंड निम्मंनिम्मं. बुटकेही निम्मे वर, निम्मे खाली नेमले, आणि एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून मधला जिना दगडांनी बुजवून टाकला. कुणावर अन्याय नको, असं त्याला मनापासून वाटत होतं. शिवशंकर खूश होईल, असंही वाटलं. कितीतरी दिवसांनी त्याला काहीतरी वाटलं होतं. त्यानं फाईल पाठवली.

उत्तरात या वेळी शब्द आले, फाईल आली नाही.

"दादा, हितंबी वाटणी केलीस व्हय? माजी पाळी आता तूच घे."

आदिनाथनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. रडू यायला हवं होतं, आलं नाही. समोर पडद्यावर बुटके आपापल्या भट्टीशी घाव घालत होते. सगळी वस्ती आता त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली होती.