विहिरीजवळचं रिकामं घर

मोहसीनच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत बारा वर्षं आमच्या दोघांत एकच भिंत आहे. पोरांच्या नोट्स छापून छापून माझं डोकं उठायचं, आणि हा शेजारी एकेका लॅपटॉपला चार-चार तास घेऊन बसायचा, याचा मला राग यायचा. बाकीचे दुकानदार काही अडलं की फॉरमॅट मारून मोकळे होतात. मोहसीन म्हणायचा, "पुसायचं सगळ्यात शेवटी, अण्णा. आधी आत काय हाय ते तर बघावं." मी त्याला वेळखाऊ म्हणायचो, तो हसायचा. घरच्यांचं विचारलं की मात्र गप्प व्हायचा. चाचांनी वाढवलं, एवढंच मला ठाऊक होतं.

भूकंपाला तीस वर्षं पुरी व्हायची होती, त्या सप्टेंबरात गोदावरीबाई त्याच्याकडे आल्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. पिशवीत जुना लॅपटॉप, आणि मागून रिक्षावाला मोठा मॉनिटर घेऊन आलेला. बाईंच्या नजरेचा मधला भाग गेला होता, समोरचं माणूससुद्धा त्यांना कडेकडेनंच दिसायचं. मोठ्या मॉनिटरवर अक्षरं वीतभर केली तरच वाचता यायचं. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कुण्या जुन्या विद्यार्थ्यानं टाकून दिलेलं. चार दिवसांपूर्वी अपडेट झालं आणि मॉनिटर काळा पडला तो पडलाच.

"एका दुकानात फॉरमॅट करा म्हणाले," बाई म्हणाल्या. "मी तशीच उठले. यात माझं गाव आहे."

खरंच गाव होतं. किल्लारीच्या बाजूचं, भूकंपाच्या पहाटे मातीत गेलेलं. बाई तिथे सातवीला शिकवायच्या. त्या रात्री लातूरला बहिणीकडे होत्या म्हणून वाचल्या. नऊ वर्षं लोकांना विचारून विचारून त्यांनी जुन्या गावाचा नकाशा कॉम्प्युटरवर काढला होता. गल्ल्या, पार, विहीर, प्रत्येकाचं दार, आणि प्रत्येक घरात त्या रात्री गेलेल्यांची नावं. बाईंनी गावाचं नाव सांगितलं तेव्हा मोहसीनच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. मला वाटलं, लक्ष देऊन ऐकतोय.

"एकच घर रिकामं राहिलंय," बाई म्हणाल्या. "विहिरीजवळचं, पाशामियाँचं. रेडिओ दुरुस्त करायचे ते. त्या घरातलं कुणीच उरलं नाही म्हणतात, मग विचारू कुणाला? तीस तारखेला नकाशा नव्या गावात लावायचाय. आणि डॉक्टर सांगतात, दिवाळीनंतर एवढंही दिसणार नाही."

मोहसीननं केबल बदलली, स्वतःचा मॉनिटर लावून पाहिला. काळाच. मग लॅपटॉपच्या पडद्यावर काही काही टाइप करून पाहत बसला. तासाभरानं म्हणाला, "अपडेटमधी सिस्टिमचा गाभाच नवा आलाय, बाई. कर्नल म्हणतात त्याला. तुमचं ग्राफिक्स कार्ड जुनं, त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नव्या कर्नलवर चालंना. अन् बाहेरच्या मॉनिटरचा पोर्ट नेमका त्याच कार्डाला जोडलेला हाय."

"म्हणजे गेलं सगळं?"

"न्हाई. नवा आला तरी मागचा कर्नल आतच ठेवलेला ऱ्हातो. त्याच्यावर चालू करून बघू."

एवढं कळल्यावर पुढचं काम पाच मिनिटांचं. पण हा आपला हात गुडघ्यावर ठेवून बसूनच राहिला. मी माझ्या दारातून ओरडलो, "अरे, कर की लवकर! बाई किती वेळच्या बसल्यात!" आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्यानं लॅपटॉप बंद करून परत चालू केला आणि सुरुवातीच्या यादीतून मागचा कर्नल निवडला. मोठा मॉनिटर उजळला. पुढच्या अपडेटला हे पुन्हा बिघडू नये म्हणून त्यानं तोच कर्नल कायम केला. मग बाईंनी नकाशा उघडला, खुर्ची पुढे ओढली आणि मान तिरपी करून बघू लागल्या. मोहसीनही पाहत होता.

"विहीर जरा डावीकडं घ्या, बाई," तो म्हणाला. "त्या घराच्या दारातून सरळ दिसायची न्हाई. वाकून बघावं लागायचं."

बाई जागच्या जागी थांबल्या. मीही माझं मशीन बंद केलं.

"लिहा," मोहसीन म्हणाला. "पाशामियाँ. हुसेनबी. नाझनीन. ती दोन वर्षांची होती."

बाईंनी एकेक अक्षर शोधत तिन्ही नावं लिहिली. बराच वेळ लागला. मला तिथं उभं राहवत नव्हतं आणि हलवतही नव्हतं.

"त्यांना एक मुलगा होता," बाई हळूच म्हणाल्या. "तिसरीत. बब्बू म्हणायचे त्याला. खरं नाव मला कधी कळलंच नाही."

"त्याचं नका लिहू, बाई." मोहसीन म्हणाला. "त्याला दुसऱ्या दिवशी मिलिटरीनं काढलं. सगळे म्हणत होते, इथं आता कुणी न्हाई, तरी एक जवान उकरत राहिला. दवाखान्यातून चाचा लातूरला घेऊन आले. परत गेलाच न्हाई तो तिकडं."

बाईंचे हात की-बोर्डवरून उठले. हवेत चाचपडत ते मोहसीनच्या खांद्यावर आले, मग गालावर, दाढीवर, कपाळावर. त्यानं मान खाली घातली.

"मला नीट दिसत नाही रे," बाई म्हणाल्या. "केवढा झालास?"

"एकोणचाळीसचा, बाई."